वार पोतनीसांचा, गाडी दतियाची

चिपळूणला परत आल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, "ग्वाल्हेरचा किल्ला पाहिलास का?" पाहिला. भिंतीवरची निळी-पिवळी बदकं पाहिली, चढण चढताना दम लागला, खाली पसरलेल्या शहराचे शंभर फोटो काढले आणि त्यातले नव्वद पुसून टाकले. पण किल्ल्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको. मी लिहिणार आहे ते रविवारांबद्दल. ग्वाल्हेरला मी पर्यटनाचा अभ्यास करायला गेले होते, आणि तिथे जो काही प्रवास शिकले तो रविवारी शिकले. तोही अशा बाईकडून, जी आधी कधी कुठे गेलीच नव्हती.

थाटीपुर

आमच्या कॉलेजने एका सत्रासाठी मला तिकडे पाठवायचं ठरवलं तेव्हा आई म्हणाली, "परदेशी चाललीस असंच समज." तेव्हा मी हसले. थाटीपुर या वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत आठवडा काढल्यावर हसू ओसरलं. इथे भात वाटीने वाढतात, आणि तोही कुणी आजारी असल्यासारखा. नारळ दिसतो तो फक्त देवळासमोर. मी एकदा सहज बांगड्याचं कालवण आठवून उसासा टाकला, तर खोलीतली सागर गावची मैत्रीण माझ्यापासून जरा लांब सरकून बसली.

आणि मेस! बटाटा-मटार, बटाटा-कोबी, बटाटा-वांगं, आणि कुणाचा वाढदिवस असला की नुसता बटाटा. मला जगवलं ते सकाळच्या बेढईने. बेढई म्हणजे उडदाच्या डाळीचं सारण भरलेली पुरी. तिच्यावर झणझणीत भाजी ओततात आणि शेजारी गरम जिलबी ठेवतात. सकाळी तोंड धुतल्या धुतल्या जिलबी खाणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होते. चार दिवस मी त्यांना नावं ठेवली, पाचव्या दिवसापासून त्यांच्याच रांगेत उभी राहिले.

गणपतीत तिथल्या मराठी लोकांच्या आरतीला गेले. टाळ्या वाजवताना शेजारच्या बाईंनी मला निरखून पाहिलं. साठीच्या, ठेंगण्या, मोठं कुंकू, पायांत मात्र पळण्याचे बूट. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. थेट म्हणाल्या, "बेटा, तू जेवायला कुठे जातेस?"

"मेसमध्ये."

"रोज?"

"रोज."

त्यांनी दवाखान्यात कुणाला भेटायला गेल्यावर करतात तसा चेहरा केला आणि आरतीतून निघून गेल्या. प्रसाद हातात पडेपर्यंत माझे वार लागले होते.

वार लावून जेवणं ही गोष्ट मला शाळेच्या धड्यातून माहीत होती. पूर्वी गरीब घरचा मुलगा शिकायला परगावी गेला की तिथली घरं त्याला आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेत. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. ती पद्धत कुठे जिवंत असेल असं मला वाटलंही नव्हतं. मी घाईघाईने सांगितलं की मी गरीब नाही, बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे.

"गरीब कोण बोललं?" बाई म्हणाल्या. "मेसमध्ये जेवते बोललीस ना तू!"

तर मंगळवार बिड़ला नगरच्या एका शिक्षिकेकडे, शनिवार माझ्याच थाटीपुरातल्या एका जोडप्याकडे, आणि रविवार या बाईंकडे. या पोतनीस काकू.

शिंदे की छावनी

पोतनीसांचं घर शिंदे की छावनीत, खाली कूलर दुरुस्तीचं दुकान आणि वर हे दोघं नवरा-बायको. मुलगी हैदराबादला. पोतनीसांचे पूर्वज कधी काळी दक्षिणेतून संस्थानच्या खजिन्यावर कारकून म्हणून आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, आवाज खर्जातला, आणि जेवायला बसताना सदऱ्याची बटणं नीट लावून बसणारे.

"कदम म्हणजे..." माझं आडनाव ऐकून त्यांनी पहिल्याच रविवारी विचारलं आणि वाक्य तसंच ठेवलं.

"कदम म्हणजे कदमच," मी म्हटलं. मला राग आला होता आणि तो लपवायची मला सवय नाही.

काका जरा ओशाळले. "तसं नाही, बेटा. आजोबांच्या वेळी विचारायचे, म्हणून तोंडातून निघून गेलं. बस, बस तू." आणि माझ्यासाठी त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. तेवढ्यावर आमचं मिटलं, कारण तोवर आमटीचा वास आला होता.

ती आमटी! गोडा मसाला बरोबर, चिंचगूळ बरोबर, पण फोडणीत हिंग असा सढळ की हा इकडचा हात आहे हे पहिल्या घासाला कळावं. त्यातच शिजलेल्या चकोल्या, सोबत काकडीची कोशिंबीर, आणि तव्यावरून थेट पानात येणारी पोळी. एक संपेपर्यंत दुसरी. काकांना पोळी फुगलेली लागते, खाली बसलेली चालत नाही. काकू स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यामध्ये मागावरच्या धोट्यासारख्या फिरत होत्या. आमचं झाल्यावर त्या एकट्या बसल्या. मी म्हटलं, तुमच्यासाठी मी पोळ्या करते. तर म्हणाल्या, "राहू दे, तुझ्या पोळ्या बघितल्या तर यांची झोप उडेल."

जेवणानंतर काकांनी घराण्याची कथा सांगितली. "आमचा रविवारचा वार आजोबांपासूनचा. विद्यार्थी जेवल्याशिवाय ते पानावर बसायचेच नाहीत. मतलब, नियमच होता. मध्ये बंद पडला, विद्यार्थीच मिळेनात." माझ्याकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मीच संकोचले. माणसाला कुणी इतकं आनंदाने खाऊ घातलं की घर आठवतं. मला त्या दुपारी फार आठवलं.

पण तिसऱ्या रविवारी पेच आला. पर्यटन शिकणारी पोरगी सोमवार ते शुक्रवार वर्गात कोंडलेली, शनिवारी अर्धा दिवस तास. हिंडायचं ते रविवारीच. आणि रविवार तर पोतनीसांचा! मी धीर करून सांगितलं, "पुढच्या रविवारी मी पढावलीला जाणार आहे. जेवायला येणार नाही."

काका म्हणाले, "जा ना. एक रविवार राहिला तर काय."

"राहतो कसा?" काकू स्वयंपाकघरातून आल्या, हातात उलथनं. "लावलेला वार चुकला तर परत लावता येत नाही. असा नियम आहे."

"असा नियम?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला काय माहीत? वार तर बायकाच चालवत होत्या ना?" मग काकू माझ्याकडे वळल्या. "तू जा, बेटा. मी डबा घेऊन येते."

"कुठे?"

"पढावलीला. अजून कुठे?"

एकटीने भटकायची स्वप्नं पाहत मी चिपळूणहून आले होते, आणि आता माझ्यामागे डबा येणार होता.

पढावली

एक बस आणि मग ठरवलेली रिक्षा. काकूंनी पळण्याचे बूट, नऊवारी नाही पण त्याच धाटणीने खोचलेली पाचवारी आणि खांद्याला एक पिशवी असा जामानिमा केला होता. पिशवीत दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेची ही भाकरीवजा पोळी दोन दिवस टिकते, म्हणून जुन्या काळापासून ती प्रवासाची. सोबत लसणाची चटणी आणि मेतकूट.

पढावलीची गढी छोटी आहे, पण आतल्या मंडपाच्या छतावर दगडात एवढी माणसं कोरलेली आहेत की मान दुखेपर्यंत पाहावं. मी वहीत काही टिपत होते, तर काकू पहारेकऱ्याला प्रश्न विचारत होत्या. हे वर बसून कोरलं की खाली कोरून वर चढवलं? कोरताना पाऊस आला तर? इथली माणसं कुठलं पाणी प्यायची? तो बिचारा "माताजी, हमें क्या पता" म्हणत म्हणत शेवटी स्वतःच वर बघायला लागला. पुढे बटेश्वरला, ओळीने उभ्या असलेल्या त्या चिमुकल्या देवळांमध्ये मोर फिरत होते. तिथे काकूंनी प्रत्येक देवळात डोकावून पाहिलं. प्रत्येक! मी उन्हात ताटकळत, मनातल्या मनात चरफडत.

मग कडुलिंबाखाली डबा उघडला आणि वानरांनी घात केला. एकाने माझ्या हातातली दशमी नेली, दुसऱ्याने मेतकुटाची डबी. डबी उघडल्यावर त्याला अशी शिंक आली की फांदीवरचे बाकीचे पळाले. काकू पोट धरून हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. घरी मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आता पुढच्या रविवारी कुठे?" परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं.

चंबळ आणि ओरछा

पुढच्या रविवारी चंबळ. आमच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, त्यामुळे मी मोठ्या तोऱ्यात नावेत बसले. पण चंबळच्या वाळूवर पडलेले घडियाल पाहून तो तोरा उतरला. लांब चिमट्यासारखं तोंड आणि नराच्या नाकावर मडकं उपडं घातल्यासारखा उंचवटा. काकूंनी पाण्यात हात घातला आणि नावाडी ओरडला. त्यांनी हात काढला, आणि तो दुसरीकडे बघताच परत घातला. "घरून बघायला कुठे मिळतं?" त्या मला हळूच म्हणाल्या.

नंतरचा एक रविवार ओरछाचा. झाशीपर्यंत गाडी, पुढे रिक्षा. ओरछात राम देव नाही, राजा आहे, आणि त्याला पोलीस बंदुकीची सलामी देतात. आमच्याकडे देवाला पालखी असते, पण सरकारी शिपाई सलाम ठोकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. बेतवेच्या खडकांवर बसून दशम्या खाल्ल्या. एव्हाना माझी चरफड संपली होती. काकू नसत्या तर निम्म्या गोष्टी मी विचारल्याच नसत्या. फोटो काढून पुढे गेले असते.

परतीच्या गाडीत मात्र त्या मला उठवून खिडकीशी बसल्या. थोड्या वेळाने झाडांच्या वर एक प्रचंड महाल दिसला. मजल्यावर मजले, वर घुमट, सगळा संध्याकाळच्या उन्हात. गाडी दतियाला थांबली, सुटली, महाल मागे गेला. काकू मान वळवून पाहत राहिल्या.

"माझं माहेर झाशीचं," त्या म्हणाल्या. "लग्न झालं, गाडीत बसले, तेव्हा हा पहिल्यांदा दिसला. मग प्रत्येक वेळी. बाळंतपणाला जाताना, आई गेली तेव्हा, भावाच्या मुलांच्या लग्नाला. दर वेळी विचार करत होते, आतून कसा असेल."

"उतरला का नाहीत कधी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अचाट बोलले. "कशासाठी उतरणार? दतियात आपलं कोणी नाही ना."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या बाईच्या जगात गावं होती ती माणसांची. जिथे आपलं कुणी जन्मलं, मेलं, बोहल्यावर चढलं, तिथेच जायचं. नुसतं बघायला जायचं म्हटलं तर घरातून एकच प्रश्न यायचा, जेवणाचं काय? त्या प्रश्नाला इतक्या वर्षांत त्यांना उत्तर सापडलं नव्हतं. आता सापडलं होतं. उत्तर मीच होते.

"काकू," मी म्हटलं, "वार चुकला तर परत लावता येत नाही, हे खरं आहे?"

"काय माहीत," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आमच्या माहेरी तर वार नव्हताच."

मी इतक्या जोरात हसले की समोरच्या बाकावरच्या, तीळगुळाची गजक विकणाऱ्या माणसाने दचकून टोपली सावरली.

दतिया

थंडी आली. परीक्षेआधीचा एकच रविवार उरला, आणि तो दतियाचा, हे आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं होतं. पण शनिवारी काकांचा फोन आला. "बेटा, उद्या तू इकडेच ये जेवायला. शेवटचा रविवार आहे. आणि काकू थकून जाते."

मी हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर माझी मलाच चीड आली. त्यांच्या घरचं अन्न खाल्लेलं, नाही म्हणायला तोंड कुठून आणू? पण मी घरी जेवले की वार घरीच फिटणार, आणि काकू दतियाला कधीच उतरणार नाहीत. पुढच्या सत्रात मी नाही. मग परत खिडकीच.

रविवारी मी जेवायच्या वेळेला नाही, सकाळीच गेले. बाहेर असं धुकं की कूलरच्या दुकानाची पाटी दिसेना. काकूंनी दशम्या केलेल्या होत्या. काकांचं जेवणही करून झाकून ठेवलेलं होतं. काका सदऱ्याची बटणं लावून टेबलापाशी बसलेले.

"काका, मला आज दतियाला जायचंय," मी म्हटलं. "तुम्ही रागावलात तरी जायचंय. काकूंना घेऊन."

काकांनी टेबलावरचं झाकलेलं ताट जरा लांब सरकवलं. मग म्हणाले, "रविवारी मी एकटा जेवतो. गार पोळी खातो. कोणी विचारतं का?"

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

काकू पिशवीची गाठ मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चाळीस वर्षं तव्यावरची खाल्ली ना तुम्ही? मी कधी खाल्ली?"

आवाज चढवला नव्हता. भांडणही नव्हतं. काकांनी टेबलाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. हा हिशेब त्यांनी कधी मांडलाच नव्हता, हे चेहऱ्यावर दिसत होतं. ते उठून आत गेले. मला वाटलं, झालं, आता दार लागणार. पण ते शाल घेऊन आले. "धुकं आहे," ते काकूंना म्हणाले. "कान बांधून घे."

"तुम्हीही चला ना," काकू म्हणाल्या.

"मी कुठे? मला गुडघे आहेत."

गाडी धुक्यामुळे उशिरा आली, पण आली. दतियाच्या फलाटावर पाय ठेवताना काकूंनी क्षणभर दांडा घट्ट धरला. मग उतरल्या.

महाल जवळून अजूनच मोठा आहे. आत अरुंद, काळोखे जिने, मध्येच चौक, मध्येच जाळीतून पडणारा उजेड, छतावर रंग उडालेली चित्रं. तिथला पहारेकरी सांगत होता की एवढा महाल बांधला, पण राजघराण्यातलं कुणी इथे राहायला आलंच नाही, असं सगळे म्हणतात. काकू थबकल्या. "भैया, इसमें रसोई कहाँ है?"

"रसोई तो कोई नहीं है, माताजी. कोई रहता तब न बनती."

काकू मजल्यामागून मजला चढल्या आणि तरीही प्रत्येक दालनात डोकावल्या, खात्री करून घ्यायला. वर पोचल्यावर धापा टाकत मला म्हणाल्या, "एवढे मजले, आणि चूल नाही! तरीच मी म्हणत होती, हा मला एवढा का आवडतो."

तोवर धुकं निवळलं होतं. खाली गाव, तळं, आणि लांब रुळांवरून एक गाडी झाशीकडे चाललेली, अगदी बारीक. काकू कठड्याला हात टेकून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या.

"त्यात मी बसलेली असायची," त्या म्हणाल्या, आणि रडल्या. मी जवळ सरकले. त्यांचा हात धरून उभी राहिले.

आम्ही दशम्या खाल्ल्या त्या महालाच्या बाहेर, एका पायरीवर, उन्हात. परीक्षा संपून मी निघाले तेव्हा काका आणि काकू दोघंही स्टेशनवर आले होते. काकांनी मला गजकचा डबा दिला. काकू नेहमीसारख्या बडबडत होत्या, पण मला त्यांची काळजी लागली होती. मी गेले की वारही गेला. वार गेला की त्या पुन्हा त्या टेबलाभोवती.

चिपळूणला आल्यावर फोन करायचा धीर होईना. शेवटी काकूंचाच आला. आवाजात नुसती धांदल.

"अगं, सुन ना. नवीन सत्राच्या मुली आल्या. मी तुमच्या कॉलेजच्या गेटवर जाऊन उभी राहिली. मराठी एकही नाही. मग एका केरळच्या पोरीला विचारलं, जेवायला कुठे जातेस? ती तर रडलीच, बटाट्याच्या नावाने. रविवार आपल्याकडे लावून टाकला."

"वा, काकू! मग या रविवारी कुठे?"

"तेच तर. तिला खजुराहो बघायचं आहे. ते लांब आहे, रात्री राहावं लागतं. म्हणून मी थाटीपुरवाल्यांकडून शनिवारचा वारही मागून घेतला."

"आणि काका? काका काय म्हणाले?"

पलीकडे थोडी खुडबुड झाली. काकूंनी फोन बहुधा काकांच्या दिशेने धरला असावा, कारण तो खर्जातला आवाज लांबून पण स्वच्छ ऐकू आला.

"माझ्या गुडघ्यांना एक दिवस जास्त लागेल. त्या पोरीला विचार, शुक्रवार कोणाकडे आहे?"